भुयारी गटाराची खोदाई आणि पुरातत्त्वीय देखरेख : सातारा-सांगलीतील गावांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृष्णा, कोयना, वारणा आणि येरळा यांच्या काठच्या मोठ्या गावांतून उघड्या गटारांऐवजी भुयारी गटारे घालण्याची कामे आता होऊ लागली आहेत. गावठाणातल्या बहुतेक गल्ल्यांतून चर निघतो, तो काही तास उघडा राहतो आणि पाइप बसला की बुजवला जातो. त्या काही तासांत जुन्या वस्तीचा जो छेद उघडा पडतो तो पुन्हा पाहायला मिळत नाही, कारण पाइप बसलेली जागा पुढे अनेक वर्षे कोणी उकरत नाही आणि उकरली तरी तिथे भरावाचीच माती निघते. पुढील उत्तरे सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शाखा अभियंते, ठेकेदार आणि देखरेखीसाठी चराजवळ उभे राहणाऱ्यांसाठी लिहिली आहेत.

पुरातत्त्वीय देखरेख म्हणजे उत्खननच का?

नाही. उत्खननात जागा पुरातत्त्वज्ञ निवडतो, खोली तो ठरवतो, थर एकेक करून हाताने उतरवले जातात आणि त्यासाठी परवाना लागतो. देखरेखीत यातले काहीच त्याच्या हातात नसते. चराची जागा अभियंत्याने आखलेली असते, खोली उताराने ठरलेली असते आणि वेग जेसीबीचा असतो. देखरेख करणारा चराशेजारी उभा राहून निघणारी माती पाहतो, चराच्या भिंती पाहतो, वेगळे काही दिसले तर थोडा वेळ मागून घेतो, नोंद करतो आणि पुढे जाऊ देतो. सबंध योजनेत त्याला यंत्र थांबवावे लागण्याचे प्रसंग थोडेच येतात, आणि हेच ठेकेदारांना पटवून देणे सर्वांत अवघड जाते.

आमच्या गावात लेणी नाहीत, किल्ला नाही, जुने मंदिरही नाही. मग पाहायचे काय?

वस्ती पाहायची. आपल्याकडे शेतजमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात, आणि या पांढरीतच बहुतेक उत्तर आहे. चुलीची राख, शेण, चुना, पडक्या भिंतींची माती, कुजलेले लाकूड आणि गवत असे सगळे पिढ्यानपिढ्या एका जागी साचत गेले की माती राखट रंगाची आणि हाताला पिठूळ लागणारी होते. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांत धाब्याच्या घरांवर पसरण्यासाठी ही माती लोक पूर्वापार खणून नेत आले आहेत. ज्या गावाला चांगली जाड पांढर आहे, त्या गावाखाली जुने गाव आहे असे समजायला हरकत नाही, मग वर देऊळ असो वा नसो.

शिवाय हा मुलूख जुना आहे. कऱ्हाडचे नाव मध्य प्रदेशातील भारहुतच्या स्तूपावरील दानलेखांत, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकाच्या सुमारास, करहकट या रूपात येते, आणि कऱ्हाडजवळच्या जखिणवाडी-आगाशिवच्या डोंगरातील बौद्ध लेणी त्या नगराच्या भरभराटीची साक्ष देतात. शेजारच्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये उत्खनन झाले आणि सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. त्याच टेकाडावर सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती पश्चिमेकडील व्यापाराचा धागा दाखवते. ही मोठी ठिकाणे झाली. त्यांना धान्य, लोखंड, मडकी आणि माणसे पुरवणारी गावे कुठे होती याविषयी आपली माहिती फार तुटपुंजी आहे, आणि ती गावे बहुधा आजच्या गावठाणांखालीच आहेत.

पाण्याची पाइपलाइन टाकताना कोणी हा विषय काढला नाही. गटारालाच का?

पाण्याचा नळ दाबावर चालतो, चढावरही जातो, त्यामुळे त्याला उथळ चर पुरतो. गटाराचे पाणी केवळ उतारावर वाहते. पहिल्या चेंबरला (गटार तपासण्या-साफ करण्यासाठी ठराविक अंतरावर बांधलेल्या झाकणाच्या खड्ड्याला) चर मीटरभर खोल असला तरी उतार राखत राखत शेवटच्या चेंबरपर्यंत तो तीन मीटरवर जाऊ शकतो, आणि गावठाणाच्या मध्यात जुने थर नेमके याच खोलीत असतात.

दुसरी गोष्ट दिशेची. गटाराची मुख्य वाहिनी गावाच्या सर्वांत सखल जागी, म्हणजे ओढ्याकडे किंवा नदीकडे जाते. आपल्या गावांचे घाट, समाध्या, वीरगळांच्या (वीरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव दगडांच्या) रांगा, संगमावरची देवळे आणि जुने उतार याच बाजूला असतात. मेणवलीचा घाट, क्षेत्र माहुलीचा कृष्णा-वेण्णा संगम, कऱ्हाडचा प्रीतिसंगम, हरिपूरचे संगमेश्वर ही ठळक उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत, पण बिनावाच्या ओढ्याकाठीही हीच रचना दिसते. त्यामुळे गटाराच्या चराला जुन्या गावाची गाठ पडणे हा योगायोग नसून आखणीतूनच ठरलेली गोष्ट आहे.

ही देखरेख कायद्याने बंधनकारक आहे का?

संरक्षित स्मारकांच्या हद्दीबाहेर, साध्या गावठाणात, प्रत्येक चरावर पुरातत्त्वज्ञ ठेवलाच पाहिजे असा सर्वसाधारण नियम आपल्याकडे नाही. ती अट निविदेत घातली तरच ठेकेदारावर बंधन येते. म्हणून ती निविदेच्या वेळीच घालावी, काम सुरू झाल्यावर विनंती करण्यात वेळ जातो आणि संबंधही बिघडतात. जागतिक बँकेच्या कर्जातून होणाऱ्या प्रकल्पांना २०१८ पासून जी पर्यावरणीय व सामाजिक मानके लागू आहेत त्यांतील आठवे मानक सांस्कृतिक वारशाचे आहे, आणि खोदाईत अकस्मात अवशेष सापडल्यास काय करायचे याची लेखी कार्यपद्धती त्यात अपेक्षित असते. बँकेचे कर्ज नसलेल्या योजनेलाही तशी दोन पानी कार्यपद्धती सहज स्वीकारता येते.

केंद्रीय संरक्षित स्मारकाजवळ मात्र स्थिती वेगळी आहे. प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम, १९५८ यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत विनियमित क्षेत्र असते. येथे एक बारकावा अनेकांच्या नजरेतून सुटतो. त्याच दुरुस्तीत बांधकामाची जी व्याख्या दिली आहे तिच्यातून गटारे व सांडपाण्याची कामे, सार्वजनिक शौचालये आणि सार्वजनिक पाणीपुरवठ्याची कामे वगळलेली आहेत. म्हणजे १०० मीटरच्या आत गटार घालणे सरसकट गुन्हा ठरत नाही. परंतु प्रत्यक्ष संरक्षित हद्दीच्या आत कोणतीही खोदाई परवानगीशिवाय चालत नाही, आणि मलजल प्रक्रिया केंद्राची इमारत, पंपघर किंवा कुंपणाची भिंत यांना गटार म्हणता येईल का हा वादाचा विषय होऊ शकतो. अशा ठिकाणी व्याख्येचा आधार घेऊन काम रेटण्यापेक्षा नकाशासह लेखी अभिप्राय मागवलेला बरा. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा महाराष्ट्राचा स्वतंत्र अधिनियम आहे आणि त्याचे काम राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय पाहते.

खोदाई सुरू होण्यापूर्वी काय तयारी करावी?

आराखड्याचा नकाशा घेऊन गावात एक फेरी मारावी, आणि ती गावातल्या जाणत्या माणसांबरोबर मारावी. वेस कुठे होती, गावकूस कुठून कसे जात होते, गढी कोणती, बुजवलेली विहीर किंवा बारव कोणत्या अंगणाखाली आहे, पेवे (धान्याची जमिनीखालची कोठारे) कुठे होती, मारुतीच्या देवळामागे कोणते दगड पडले आहेत, या सर्व गोष्टी कोणत्याही सरकारी नकाशापेक्षा म्हाताऱ्या माणसांना जास्त नेमक्या माहीत असतात. ही ठिकाणे आराखड्यावर पेन्सिलीने दाखवली की कोणत्या चेंबरच्या दरम्यान डोळ्यांत तेल घालून उभे राहायचे आणि कुठे दिवसातून एक फेरी पुरेल हे बरेचसे ठरून जाते. गावकुसाची रेषा आणि गटाराची रेषा जिथे छेदतात तिथे दगडी पाया लागेल हे आधीच सांगता येते, आणि आधी सांगितले की अभियंताही चकित होत नाही.

लिंबजवळच्या बारामोटेच्या विहिरीसारखी किंवा कऱ्हाडच्या नकट्या रावळाच्या विहिरीसारखी मोठी बांधीव विहीर जवळ असेल तर जेसीबीच्या हादऱ्यांचा आणि पाण्याच्या झिरपण्याचा विचार आखणीतच करावा. चर दोन मीटर बाजूला सरकवणे कागदावर सोपे असते, पाइप आल्यावर नसते.

चराच्या भिंतीत काय दिसते आणि ते कसे ओळखायचे?

गावठाणाच्या मध्यातल्या एखाद्या चराची भिंत खुरप्याने हलकेच तासून पाहिली तर वरच्या वीतभर थरात काँक्रीट किंवा डांबर, खडी आणि मुरूम असतो. त्याखाली अलीकडचा राडारोडा येतो : मंगलोरी कौलांचे तुकडे, विटकरी, चपलेचा तळ, प्लास्टिक. प्लास्टिक दिसेनासे झाले की आपण गेल्या दोन-तीन पिढ्यांच्या मागे गेलो असे ढोबळमानाने मानावे. त्यानंतर राखट पांढर लागते. तिच्यात करड्या-काळ्या राखेचे पट्टे, कोळशाचे कण, खापरे, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, गुरांची फुटलेली हाडे असतात, आणि एखाद्या ठिकाणी वरचेवर सारवलेल्या जमिनी वहीच्या पानांसारख्या एकावर एक चिकटून बसलेल्या दिसतात. अशा पाच-सात जमिनी एकाच हातभर जाडीत मोजता आल्या तर तिथे एक घर दीर्घकाळ नांदते होते एवढे निश्चित म्हणता येते. सर्वांत खाली मुरूम किंवा चिकट काळी माती लागते आणि मानवी खुणा संपतात.

थर नेहमी सपाट नसतात. पांढरीत वरून खाली उतरलेला गडद रंगाचा कप्पा दिसला तर तो कचऱ्याचा खड्डा असू शकतो, आणि त्याच्यातली वस्तू शेजारच्या थरापेक्षा नवी असते. नवख्या माणसाची येथे हमखास फसगत होते.

खापरांपैकी आतून काळी व बाहेरून तांबडी असलेली घोटीव भांडी प्राचीन काळाकडे बोट दाखवतात. तांबूस लेपावर पांढरट रंगाच्या रेघा असलेली भांडी सातवाहन काळातील वस्त्यांत येतात. निळ्या-हिरव्या झिलईचे तुकडे मध्ययुगातील असण्याचा संभव जास्त. आजच्या विटेच्या जवळजवळ दुप्पट लांबीची वीट सापडली तर ती जपून ठेवून ताबडतोब कळवावे, कारण सातवाहनकालीन विटा त्या मापाच्या असतात. भाजलेल्या मातीची मोठी कडी एकावर एक रचून केलेले शोषखड्डेही त्या काळातील वस्त्यांत मिळाले आहेत. शासनाच्या योजनेतला शोषखड्डा आपल्याकडे काही पहिलाच नव्हे. जड, भोकाभोकांची, गंजलेली ढेकळे म्हणजे बहुधा लोहमळी, तिथे लोखंड गाळले किंवा घडवले जात होते. हिरवट पडलेले, कडा वेड्यावाकड्या असलेले तांब्याचे नाणे शिवराई असू शकते. ते घासून पाहू नये, चिंचेने तर मुळीच नाही.

नदीकाठच्या गावांसाठी एक सूचना. सांगली परिसरात २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांनी गाळ आणून टाकलेला सर्वांनी पाहिला आहे, आणि अशा पुरांचा इतिहास जुना आहे. चरात हातभर स्वच्छ, वस्तूविरहित गाळाचा थर लागला म्हणजे खाली काही नाही असे समजून देखरेख करणाऱ्याने घरी जाऊ नये. गाळाखाली पुन्हा वस्ती लागू शकते. आणखी खोल, खडीमिश्रित थरात दगडी हत्यारे मिळण्याची शक्यता दख्खनच्या नद्यांच्या काठी असतेच.

जेसीबी चालकाने नेमके काय पाळायचे?

फार काही नाही. गावठाणात शक्य तिथे दाते नसलेली बकेट वापरावी, कारण दात्यांनी भिंत ओरबाडली जाते आणि थर दिसत नाहीत. एका दमात पूर्ण खोली न घेता दोन-तीन टप्प्यांत उतरावे. मातीचा ढीग चराच्या एकाच बाजूला टाकावा, म्हणजे दुसऱ्या बाजूने भिंत पाहता येते. हात वर केला की थांबावे. आमचा अनुभव असा की चालकाला पहिल्या दिवशी चहा पिता पिता नीट समजावले तर पुढे तोच सर्वांत आधी ओरडून सांगतो, कारण बकेटखाली दगड वेगळा वाजला हे त्याच्याइतके कोणालाच कळत नाही.

देखरेख करणाऱ्यानेही चराचे नियम पाळायचे आहेत. दीड मीटरपेक्षा खोल चरात आधार लावल्याशिवाय उतरू नये. पांढरीची भिंत कोरडी असताना उभी दिसते आणि बघता बघता खाली बसते. खोल चराची भिंत वरूनच छायाचित्रांत घ्यावी, एखाद्या खापरासाठी कोणीही खाली उडी मारू नये.

काही सापडले तर काम किती दिवस बंद राहते?

बहुतेक वेळा दिवस नाही, तास. विखुरलेली खापरे, राखेचे पट्टे, घराची जमीन यांसाठी अर्धा-एक तास पुरतो : भिंत तासायची, मोजायची, छायाचित्रे घ्यायची. दगडी पाया, विटांची भिंत, बांधीव गटार किंवा मूर्ती लागली तर दोन चेंबरमधला तेवढा तुकडा राखून ठेवावा आणि पथकाने पुढच्या किंवा दुसऱ्या गल्लीतल्या तुकड्यावर जावे. चेंबर साधारण तीस मीटरवर असतात, म्हणजे थांबते ते एवढेच. ठेकेदाराने कामाच्या वेळापत्रकात एखादी पर्यायी गल्ली नेहमी तयार ठेवली तर यंत्राचे भाडे वाया जात नाही. काम खरोखर रखडते ते लपवाछपवीमुळे. वस्तू रातोरात गायब होते, मग गावात चर्चा सुरू होते, तक्रार जाते, पोलीस पंचनामा होतो आणि त्यात आठवडे निघून जातात.

नाणी किंवा दागिन्यांचे मडके निघाले. ते कोणाचे?

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अजून लागू आहे. जमिनीत लपलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने तिचे स्वरूप, अंदाजे किंमत, ठिकाण आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायची असते, आणि वस्तू शासकीय कोषागारात जमा करायची किंवा हमी द्यायची असते. दहा रुपयांची ही मर्यादा त्या काळातली आहे, आज तिच्यात सगळेच येते. त्यानंतर जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात आणि हक्क सांगणाऱ्यांना चार महिन्यांनंतरची पण सहा महिन्यांच्या आतली तारीख देतात. कोणाचाच जुना हक्क सिद्ध झाला नाही आणि जागेच्या मालकाशी दुसरा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश मालकाचा असतो. शासनाला वस्तू संग्रहालयासाठी हवी असेल तर तिच्यातील द्रव्याची किंमत आणि त्यावर पाचवा हिस्सा देऊन ती घेता येते. न कळवल्यास वाटा जातोच, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

यातला महत्त्वाचा भाग मजुरांना कोणी सांगत नाही : सापडणारा म्हणजे ज्याच्या फावड्याला मडके लागले तो, ठेकेदार किंवा मुकादम नव्हे. ही गोष्ट कामाच्या पहिल्या दिवशी सर्वांसमोर मोठ्याने सांगितली तर मडके परस्पर वाटून घेण्याचा मोह बराच कमी होतो. पंचनाम्यात त्या मजुराचे नाव आलेच पाहिजे याकडे ग्रामसेवकाने जातीने लक्ष द्यावे. मडके फोडू नये, नाणी मोजण्यासाठी पसरू नयेत. नाणी कोणत्या क्रमाने एकमेकांना चिकटली आहेत आणि मडक्याच्या तळाला कापडाचा अंश आहे का, हेही पाहायचे असते.

गुप्तधनाच्या अफवा मात्र त्याच दिवशी खोडून काढाव्यात. रात्री कोणी चरात उतरून खणू लागले तर जीव जाण्याचा धोका खरा आहे.

मूर्ती किंवा वीरगळ निघाला आणि गावाला तो तिथेच बसवायचा आहे. मग?

भावना समजण्यासारखी आहे आणि तिला हसण्यावारी नेणाऱ्या अधिकाऱ्याचे काम गावात पुढे होत नाही. तरीही पहिले दोन दिवस शेंदूर, तेल, दूध, हळद-कुंकू लावू नये, खडूने अक्षरे गिरवू नयेत आणि डिटर्जंटने धुऊ नये, एवढे गावाने मान्य करावे. दगडाच्या कोणत्या बाजूवर काय कोरले आहे हे उचलण्याआधी पाहावे, कारण वीरगळ आणि शिलालेख अनेकदा पालथे घालून पायरी किंवा गटारावरची फरशी म्हणून वापरलेले असतात. उचलताना साखळी न वापरता रुंद नायलॉनचा पट्टा वापरावा. जागा मोजून, छायाचित्रे घेऊन, तहसीलदारांना कळवून मगच दगड हलवावा.

जमिनीतून निघालेली मूर्ती निखात निधी अधिनियमाखाली येते, आणि दगडी शिल्पे पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार नोंदणी करावयाच्या वस्तूंत मोडतात. ती गावात राहील, साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारख्या ठिकाणी जाईल की आणखी कुठे, हा निर्णय जिल्हाधिकारी आणि पुरातत्त्व विभागाचा. गावाने ठराव करून आपली इच्छा लेखी कळवावी, छपराची, कुलपाची आणि देखभालीची जबाबदारी कोण घेणार हे त्यात लिहावे. नुसत्या घोषणांपेक्षा असा ठराव विचारात घेतला जाण्याची शक्यता अधिक असते.

चर खणताना एकदम पोकळी लागली आणि माती खाली गेली. हे काय असते?

बहुतेक वेळा पेव. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे आणि पोट मोठे, असे हे जमिनीखालचे कोठार धान्यासाठी, आणि सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीसाठी, वापरले जात असे. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांचे मोठे नुकसान झाले. अशा पोकळीत कोणीही डोकावू नये, उतरू तर नयेच. बंद पेवात प्राणवायू नसतो आणि एकाला काढायला दुसरा उतरतो, हा जुना अपघात आहे. यंत्र मागे घ्यावे, कडेने दोर बांधावा, पोकळीची लांबी-रुंदी वरून काठीने आणि छायाचित्राने घ्यावी. पेव भरून टाकल्याशिवाय त्यावरून पाइप जाऊ शकत नाही, पण भरण्याआधी त्याच्या भिंतीला दिलेला लेप आणि तोंडाची बांधणी यांची नोंद करावी, कारण पेवे करणारे कारागीर आता शोधूनही सापडत नाहीत.

मानवी हाडे निघाली तर?

काम थांबवून पोलीस पाटील आणि पोलीस ठाण्याला कळवावे. हाडे जुनी आहेत की नाही हे देखरेख करणाऱ्याने परस्पर ठरवू नये. जुनी ठरली तरी दफन कोणत्या समाजाचे असू शकते याचा विचार करून त्या समाजातील वडीलधाऱ्यांना बोलवावे. लिंगायत, जंगम, गोसावी, मुस्लिम अशा अनेक समाजांत दफनाची रीत आहे आणि जुन्या दफनभूमी आज रस्त्याखाली गेलेल्या असू शकतात. तोवर हाडे झाकून ठेवावीत. छायाचित्रे समाजमाध्यमांवर जाता कामा नयेत.

भाजक्या मातीचे जुने नळ तुटले, त्यांतून पाणी येत आहे. बुजवावेत का?

लगेच नाही. पुण्याला नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून बांधीव नळाने पाणी आले, आणि साताऱ्यातही यवतेश्वर-महादरे भागातून खापरी नळांनी हौदांना पाणी येत असे. गावोगावच्या वाड्यांना आणि देवळांना अशी छोटी व्यवस्था असू शकते. नळ वाहता असेल तर खालच्या अंगाला कोणता तरी हौद किंवा आड त्यावर जगतो आहे. तो आधी शोधावा आणि त्या ठिकाणी गटाराचा पाइप खालून नेता येतो का पाहावे, कारण तुटलेल्या खापरी नळात सांडपाणी शिरले तर हौदाचे पाणी बिघडेल. नळाच्या एका खापराची लांबी, तोंडाची जुळणी आणि सांध्यात भरलेला चुना यांची मापे घेऊन ठेवावीत.

नोंद कशी करावी म्हणजे ती पुढे कोणाला उपयोगी पडेल?

वस्तूपेक्षा तिची जागा महत्त्वाची, हे एकदा मनात बसले की बाकीचे आपोआप जमते. "मारुतीच्या देवळाजवळ सापडले" ही नोंद निरुपयोगी आहे. "चेंबर १४ पासून १५ कडे ६.२० मीटर, रस्त्याच्या पातळीपासून १.७० मीटर खोल, उत्तरेकडील भिंत, राखेच्या पट्ट्याखाली" ही नोंद पन्नास वर्षांनीही वापरता येते. गटार योजनेत चेंबरना क्रमांक असतात आणि त्यांची पातळी अभियंत्याच्या कागदांत असते, ही पुरातत्त्वाच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. छायाचित्रात फूटपट्टी आणि चेंबर क्रमांकाची पाटी हवी. प्रत्येक थरातली खापरे वेगळ्या पिशवीत, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकून ठेवावीत, पेनाची शाई ओलीने पुसते. कोळसा काळनिर्णयासाठी हवा असेल तर तो हाताने न उचलता स्वच्छ चिमट्याने उचलून ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळावा.

हे काम कोण करू शकतो आणि पैसा कुठून येतो?

जबाबदारी प्रशिक्षित पुरातत्त्वज्ञाची असावी. तो रोज हजर नसला तरी खोल आणि संवेदनशील तुकड्यांवर असावा, आणि उरलेल्या दिवशी गावातली एक-दोन पदवीधर मुले-मुली दोन दिवसांच्या शिकवणीनंतर फेरी मारू शकतात. पुण्याचे डेक्कन कॉलेज जवळ असल्याने या भागाला प्रशिक्षित माणसे मिळणे इतर जिल्ह्यांइतके कठीण नाही. पैशाबाबत मात्र ओढाताण आहे. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाणी व्यवस्थापनासाठी पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी २८० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ६६० रुपये अशी मर्यादा ठेवलेली होती, आणि त्या हिशेबात देखरेखीला जागा काढणे कठीणच. निविदेत किरकोळ बाब म्हणून तिची दिवसाप्रमाणे तरतूद करणे हा आमच्या मते सर्वांत सरळ मार्ग आहे.

प्रक्रिया केंद्राची जागा गावाबाहेर आहे. तिथेही उभे राहायचे का?

होय, आणि तिथे जास्त काळजीने. चर फूट-दोन फूट रुंद असतो, पण प्रक्रिया केंद्राच्या टाक्यांसाठी मोठे क्षेत्र सलग आणि खोल उकरले जाते. जागा गायरानात किंवा ओढ्याकाठी असते. शेजारी वीरगळ किंवा मोडके चौथरे दिसत असतील तर वरची माती काढण्याच्या दिवशी पुरातत्त्वज्ञ असलाच पाहिजे. गाळ वाळवण्याच्या वाफ्यांची जागा त्या मानाने उथळ असते, तिथे एक फेरी पुरे.

सगळे काम झाले आणि काहीच सापडले नाही. अहवाल लिहायचा का?

लिहायचा. कोणत्या तारखांना कोणत्या चेंबरपर्यंत देखरेख झाली, कोणते तुकडे पाहता आले नाहीत आणि का, पांढरीची जाडी कुठे किती होती आणि ती कोणत्या चेंबरला संपली, एवढे तरी त्यात असलेच पाहिजे. पांढर जिथे संपते ती जुन्या गावाची हद्द, आणि ती नकाशावर आली हेही पुढच्या अभ्यासकाला कामाचे असते. अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात, एक जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागात योजनेच्या कागदांबरोबर आणि एक पुरातत्त्व संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात द्यावी. छायाचित्रे मोबाइलमध्ये न ठेवता चेंबर क्रमांकानुसार फोल्डर करून हार्ड डिस्कवर त्याच तीन ठिकाणी सोपवावीत, आणि सोपवल्याची पोच घ्यावी.